बायका मदत मागत नाहीत, की आपल्याला ती मोजता येत नाही? सत्तरीतील अभ्यासासाठी मार्गदर्शन हवे

वाळपईची विद्यार्थिनी

नमस्कार. मी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी मी 'घरातील हिंसा सोसणाऱ्या स्त्रिया मदत का मागत नाहीत' हा विषय घेतला आहे. गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या दोन गावांत साठ विवाहित स्त्रियांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, तिच्यात आत्मसन्मान, नैराश्य आणि मदत मागण्याविषयीची वृत्ती यांच्या मापनश्रेणी ठेवायच्या आणि त्यांचा परस्परसंबंध काढायचा, असा आराखडा मार्गदर्शकांनी मान्य केलेला आहे.

अडचण अशी आली. पूर्वचाचणी म्हणून मी सहा जणींशी बोलले. 'तुमच्यावर कधी कौटुंबिक हिंसा झाली आहे का?' या प्रश्नापुढे सहाही जणींनी 'नाही'वर खूण केली. नंतर कागद आवरून चहा घेत असताना त्यांतली एक सहज म्हणाली, "हिंसा बी कांय ना गो, तो पियेता तेन्ना हात उखलता, तितलेंच." (हिंसा वगैरे काही नाही गं, तो पितो तेव्हा हात उचलतो, तेवढेच.) पुढे तिने सांगितले की तसे काही घडले की ती मुलांना घेऊन शेजारणीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसते. शेजारीण काही विचारत नाही, आतून कडी घालते आणि मुलांना पेज वाढते. माझ्या प्रश्नावलीत 'मदत मागितली का' याखाली पोलीस, वकील, डॉक्टर, समुपदेशन केंद्र आणि महिला संघटना एवढेच पर्याय होते, आणि तिने प्रत्येकापुढे 'नाही' लिहिले होते. म्हणजे माझ्या आराखड्याप्रमाणे ही स्त्री हिंसा न झालेली आणि मदतही न मागणारी ठरते.

तेव्हा प्रश्न कसा विचारावा, आणि विषयाचे शीर्षकच चुकले आहे का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. शिवाय 'पीडित' हा शब्द मला खटकतो, पण त्याऐवजी मराठीत काय लिहावे हे सुचत नाही.

(संपादन: खालील सूचनेनुसार गावाचे नाव आणि नात्याचा उल्लेख काढला आहे.)

निवृत्त समुपदेशक, फोंडा

उत्तराआधी एक काम करा. तुम्ही लिहिलेले गावाचे नाव आणि मामीचा उल्लेख आत्ताच काढून टाका. आपल्या गावांत कोणाच्या घरी कोण कागद घेऊन आले होते हे दोन दिवसांत सर्वांना ठाऊक होते, आणि 'रात्री शेजारणीकडे जाणारी' एवढ्या खुणेवरून माणसे त्या बाईपर्यंत बरोबर पोहोचतात. ज्या घरात ती लपते तेच घर तुम्ही उघड केलेत तर तिची एकमेव सोय जाईल.

आता प्रश्नाविषयी. मी एका कौटुंबिक समुपदेशन केंद्रात बावीस वर्षे काम केले. त्या काळात स्वतःच्या बाबतीत 'हिंसा' हा शब्द वापरणारी बाई मला फार क्वचित भेटली. तो शब्द वर्तमानपत्रातला आहे आणि आमच्या फलकावरचा आहे. बायका त्रास म्हणतात, जाच म्हणतात, 'तोंड सोडतो' म्हणतात, 'पैसे हातावर ठेवत नाही' किंवा 'माहेरी पाठवत नाही' म्हणतात. रात्रीच्या जबरदस्तीला तर त्यांच्यापाशी शब्दच नसतो. 'तो ऐकत नाही' एवढ्या तीन शब्दांत ते सारे येते, आणि ऐकणारा सावध नसेल तर तसेच निसटूनही जाते. म्हणून विचारायचे ते कृतीविषयी: ढकलले का, थोबाडीत मारली का, हात पिरगळला किंवा केस ओढले का, लाथ मारली का, गळा दाबला किंवा चटका दिला का. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही असेच कृतीनिहाय विचारते, घरातील एकाच स्त्रीला विचारते, आणि एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून देते. तुमची बाई कागद आवरल्यावर बोलली याला योगायोग समजू नका. कागद समोर असेपर्यंत तुम्ही सरकारी माणूस होता.

मदतीच्या रकान्याबद्दल सांगते. माझ्यासमोर बसलेली बाई पहिल्यांदाच बोलते आहे असे जवळजवळ कधीच होत नसे. त्याआधी तिने आईला सांगितलेले असे, मोठ्या जावेला सांगितलेले असे, बचत गटातल्या एखादीला अर्धवट सांगितलेले असे, कधी देवळातल्या भटजींना 'घरात शांती नाही' अशा आडवळणाने विचारलेले असे. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळे: थोडे सोस, मूल झाले की सुधारेल. मूल झालेले असले तर, मुले मोठी झाली की सुधारेल. आमच्या केंद्राच्या दृष्टीने ती 'उशिरा आलेली' असे. तिच्या दृष्टीने ती अनेक दारे ठोठावून दमलेली असे.

आमची स्वतःचीही एक चूक सांगते, कारण अशा गोष्टी अहवालात येत नाहीत. तक्रार आली की केंद्राचे नाव छापलेल्या लिफाफ्यातून नवऱ्याला बोलावणे धाडण्याची पद्धत होती आणि मी तीच वर्षानुवर्षे पाळली. एकदा पोस्टमनने तो लिफाफा दुकानाच्या बाकावर बसलेल्या नवऱ्याच्या हाती चारचौघांत दिला. बाई पुढच्या महिन्यात आली तेव्हा तिच्या हाताला प्लास्टर होते. "आता पत्र नको" एवढेच ती बोलली आणि गेली, ती पुन्हा आली नाही. आमच्या नोंदवहीत शेरा पडला: 'अर्जदाराने पाठपुरावा केला नाही.' शेऱ्याचे अक्षर माझेच आहे.

शब्दाविषयी माझे मत असे की प्रबंधात सरळ 'हिंसा अनुभवलेली स्त्री' असे लिहावे. 'बळी' तर नकोच, बळी मेलेल्याला म्हणतात. इंग्रजीतल्या 'सर्व्हायव्हर'ला नेमका मराठी शब्द मला आजवर मिळालेला नाही. 'निभावून नेणारी' हा बायकांच्याच तोंडचा शब्द त्याच्या सर्वांत जवळ जातो, मात्र त्यात सोसण्याची भलावण आहे, म्हणून तोही जपून वापरावा.

पेडण्याचे मास्तर

मी या क्षेत्रातला नाही, तरी शंका मांडतो. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात नवऱ्याकडून होणाऱ्या हिंसेचे गोव्यातील प्रमाण देशाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. येथील बायका शिकलेल्या आहेत, कमावत्या आहेत, आणि लग्नाच्या रजिस्टरवर सह्या झाल्या की नवऱ्याच्या मालमत्तेत अर्धा वाटा कायद्यानेच मिळतो. अशा ठिकाणी 'नाही' या उत्तराचा अर्थ खरोखरच 'नाही' असा का घेऊ नये? प्रत्येक नकारामागे काहीतरी दडलेलेच आहे असे धरून चालणारे संशोधन कधी खोटे ठरूच शकत नाही, आणि खोटे ठरू न शकणारे संशोधन मला शास्त्र वाटत नाही. दुसरे असे की जिथे मारहाण होते तिथे मूळ दारूच असते. गावातले बार बंद करा, अर्धी समस्या मिटेल.

सामुदायिक मानसशास्त्र, पर्वरी

मास्तरांचा पहिला आक्षेप योग्य आहे आणि तो बाजूला सारू नये. गोव्यातील प्रमाण खरोखरच कमी असू शकते. पण सर्वेक्षण मोजते ते सांगितलेले, आणि सांगणे हे ऐकणाऱ्यावर, जागेवर आणि नंतर काय होईल या भीतीवर अवलंबून असते. २०११च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास लोकवस्ती असलेल्या या राज्यात पोलीस ठाण्यातला हवालदार नवऱ्याचा वर्गमित्र असतो, परिचारिका नणंदेची जाऊ असते आणि पंच सासऱ्याचे मतदार सांभाळून असतो. मोठ्या शहरात अनोळखीपणाचा जो आडोसा मिळतो तो येथे नाही. तेव्हा 'हिंसा कमी' आणि 'बोलणे कमी' ही दोन्ही अनुमाने एकाच वेळी शक्य आहेत, आणि साठ जणींच्या प्रश्नावलीतून त्यांतले कोणते खरे हे ठरणार नाही. शास्त्राच्या दृष्टीने तुमच्या आराखड्याची खरी उणीव येथे आहे.

देशपातळीवरचे चित्र असे. २०१९-२१च्या पाचव्या सर्वेक्षणात १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. शारीरिक वा लैंगिक हिंसा अनुभवलेल्या सर्व स्त्रियांपैकी मदत मागितली ती फक्त १४ टक्क्यांनी, आणि ७७ टक्क्यांनी मदतही मागितली नाही व कोणाला सांगितलेही नाही. मागणाऱ्यांतही सर्वाधिक स्त्रिया माहेरच्या माणसांकडे गेल्या, पोलिसांकडे जाणाऱ्या अगदी थोड्या होत्या. हे केवळ आपल्याकडचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या, दहा देशांतील २४ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, मार खाल्लेल्या स्त्रियांपैकी पोलीस, आश्रयगृह किंवा संस्था यांपैकी कोठेच न गेलेल्यांचे प्रमाण निरनिराळ्या ठिकाणी ५५ ते ९५ टक्के होते.

आता 'का मागत नाहीत' या प्रश्नाकडे येतो. हा प्रश्न स्त्रीच्या मनात उत्तर शोधतो आणि म्हणूनच तुमच्या तिन्ही मापनश्रेणी तिच्याच मनाच्या आहेत. या विचाराला इतिहास आहे. १९७९ साली लेनोर वॉकर यांनी 'शिकलेली असहायता' ही कल्पना मार खाणाऱ्या स्त्रियांना लावली: वारंवार मार बसल्याने सुटका शक्यच नाही असे स्त्री शिकते आणि प्रयत्न सोडते. त्या काळात ही सहानुभूतीचीच मांडणी होती, कारण तोवर 'तिलाच ते आवडत असेल' असे म्हणणारेही विद्वान होते. पुढे १९८८ मध्ये एडवर्ड गोंडोल्फ आणि एलन फिशर यांनी टेक्सासमधील आश्रयगृहांत आलेल्या सहा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली आणि त्यांना वेगळेच दिसले. हिंसा वाढत जाते तसे स्त्रीचे मदत मागण्याचे प्रयत्नही वाढत जातात. असहायता आढळते ती मदत देणाऱ्या यंत्रणांमध्ये. वर फोंड्याच्या ताईंनी नोंदवहीतला जो शेरा सांगितला, त्याच्याइतके नेमके उदाहरण मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडलेले नाही.

आमची विद्याशाखा मुळात अशाच असमाधानातून निघाली. १९६५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्वॉम्पस्कॉट येथे काही मानसशास्त्रज्ञ जमले. दवाखान्यात एकेका माणसाला बरे करीत बसायचे आणि त्याला आजारी पाडणारी परिस्थिती जशीच्या तशी ठेवायची, हे त्यांना पटेनासे झाले होते. तेव्हापासून सामुदायिक मानसशास्त्र व्यक्तीकडे तिच्या घरासकट, वाड्यासकट (म्हणजे वस्तीसकट), नियमांसकट पाहते. मदत मागण्याबाबत या शाखेच्या अमेरिकेतील नियतकालिकात २००५ मध्ये बेल लिआंग आणि सहकाऱ्यांनी मांडलेली चौकट तुम्हाला उपयोगी पडेल. त्यांच्या मते त्रासाला नाव देणे, मदत घ्यावी असे ठरवणे आणि कोणाकडे जावे हे निवडणे, या तीन गोष्टी एकीमागून एक घडत नाहीत, त्या एकमेकींना फिरवत राहतात. तुमच्या चहाच्या प्रसंगात हेच झाले आहे. तिने त्रासाला 'हिंसा' हे नाव दिलेले नाही, पण कोणाचे दार वाजवायचे हे तिने केव्हाच ठरवले आहे. उलटही घडते: ज्या दारी गेलो तिथे 'यात काय एवढे' असे ऐकले की आधी दिलेले नावही बाई मागे घेते. कोर्टनी एरेन्स यांनी २००६ मध्ये बलात्काराविषयी बोलून पुढे गप्प झालेल्या स्त्रियांवर लिहिले, त्यांतही ऐकणाऱ्याने दोष देणे, शंका घेणे किंवा काहीच न करणे हीच गप्प होण्याची कारणे दिसली.

दारूविषयी गोव्यातच झालेले संशोधन आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. संगाथ या संस्थेच्या संशोधकांनी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन चाचण्या केल्या आणि दोन्हींचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एकीत घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना प्रशिक्षित पण व्यवसायाने मानसतज्ज्ञ नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी मदत केली. पिणे सोडणाऱ्यांचे आणि धोक्याबाहेर येणाऱ्यांचे प्रमाण वाढले, परंतु जोडीदारावरील हिंसेत फरक दिसला नाही. दुसऱ्या चाचणीत तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे पाचशे रुग्णांपैकी निम्म्यांना तशाच समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत उपचार दिले. नैराश्य तर कमी झालेच, शिवाय उपचार मिळालेल्या स्त्रियांनी नवऱ्याकडून होणारी शारीरिक हिंसाही तुलनेने कमी नोंदवली. दोन्ही चाचण्या मुळात हिंसेसाठी आखलेल्या नव्हत्या, त्यामुळे यांतून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. विशेषतः बाई उदास होती म्हणून मार खात होती असा अर्थ तर मुळीच काढू नये. पण पुरुषाची दारू कमी होऊनही हिंसा हलली नाही, आणि स्त्रीला आठवड्यातून एकदा नीट ऐकणारे कोणी मिळाले तेव्हा ती हलली, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. बार बंद करण्याच्या मास्तरांच्या उपायाला माझा विरोध नाही. तेवढ्याने भागेल असे मात्र पुरावा सांगत नाही.

(त्याआधी २००२ मध्ये येथेच २७० मातांवर झालेला अभ्यासही वाचून घ्या. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होते, आणि त्याच्याशी गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध व मुलगी झाल्याची नाराजी यांचे नाते दिसले.)

मिशिगनमधील क्रिस सुलिव्हन आणि डेबोरा बायबी यांचा १९९९चा प्रयोगही पाहा. आश्रयगृहातून बाहेर पडलेल्या २७८ स्त्रियांपैकी काहींना दहा आठवडे एक प्रशिक्षित विद्यार्थिनी सोबतीला दिली. तिने उपदेश करायचा नाही, 'तुला आत्ता काय हवे' एवढे विचारून घर, नोकरी, पाळणाघर, वकील यांसाठी बाईबरोबर पायपीट करायची. पुढील दोन वर्षांत पुन्हा अजिबात मार न खाल्लेल्या स्त्रिया या गटात चारांत एक होत्या, दुसऱ्या गटात दहांत एक.

माझी सूचना अशी की साठ प्रश्नावल्या सोडा. दहा-बारा स्त्रियांशी सावकाश बोला आणि तितक्याच ऐकणाऱ्यांशी बोला: अंगणवाडी सेविका, बचत गटाची अध्यक्ष, औषधाचे दुकान चालवणारी, पंच, देवस्थान समितीचा सभासद. कोणाचेही नाव न घेता विचारा, 'अशी कोणी तुमच्याकडे आली होती तेव्हा तुम्ही काय म्हणालात?' मदत मागणे हे मागणारी आणि ऐकणारा या दोघांत घडते, आणि आपल्याकडच्या अभ्यासांत ऐकणाऱ्याचा रकाना जवळजवळ कोरा आहे.

वकील, म्हापसा

मास्तरांच्या अर्ध्या वाट्याविषयी. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेल्या आपल्या कायद्यात, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक होते, आणि पत्नीच्या संमतीशिवाय नवऱ्याला स्थावर विकता येत नाही. हे देशात इतरत्र फारसे नाही आणि त्याचा अभिमान रास्त आहे. पण त्याच संहितेने सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती ठेवला. आपला हिस्सा वेगळा करून घ्यायचा तर बाईला न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि ज्या रात्री तिला घराबाहेर काढले जाते त्या रात्री या हिश्श्यातून एक खोलीही मिळत नाही. माझ्याकडे आलेल्या काही प्रकरणांत तर मारहाणीचे निमित्तच तिची सही होते. हक्क कागदावर बळकट असला की तो मोडून घेण्यासाठी दबावही तेवढाच येतो.

त्या रात्रीसाठी आहे तो २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६पासून लागू आहे. त्यात राहत्या घरात राहण्याचा अधिकार आहे, आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या नावे असले तरी तो आपोआप नाकारता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत ही कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात किती दिवस लागतात ते न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या कोणालाही विचारावे. वकिलाच्या फीचा प्रश्न मात्र नसावा, कारण स्त्रीला उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ही एक गोष्ट शिकलेल्या बायकांनाही ठाऊक नसते.

विद्यार्थिनीसाठी एक सावधगिरीची सूचना. कौटुंबिक हिंसेची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही देऊ शकते, परंतु सज्ञान स्त्रीने तुम्हाला विश्वासाने सांगितलेले तिच्या मनाविरुद्ध कळवण्याचे बंधन हा कायदा तुमच्यावर घालत नाही. अठरा वर्षांखालील मुलीवरील लैंगिक अत्याचार कानावर आला तर मात्र २०१२च्या पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याने कळवणे बंधनकारक आहे. ही मर्यादा मुलाखत सुरू होण्यापूर्वीच सांगा. 'सारे गुप्त राहील' असे मोघम आश्वासन देऊन नंतर पोलिसांत जाणे म्हणजे तिला पुन्हा फसवणे होय.

वाळपईची विद्यार्थिनी

सर्वांचे आभार. मार्गदर्शकांशी काल दीड तास बोलणे झाले. मुलाखतींना 'पुरेसे शास्त्रीय वजन नाही' असे त्यांचे म्हणणे होते, पण सहापैकी सहा नकार आणि चहानंतरची हकीकत ऐकल्यावर ते थोडे नरमले. तडजोड अशी ठरली की दहा स्त्रियांच्या आणि बारा ऐकणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या, आणि ऐकणाऱ्यांसाठी एक छोटी प्रश्नावलीही ठेवायची. शीर्षक आता 'घरातील त्रास आणि वाड्यातील ऐकणारे' असे काहीसे असेल. गावात मात्र अभ्यासाचे नाव 'स्त्रियांचे आरोग्य आणि रोजचे जीवन' एवढेच सांगणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही असे निरुपद्रवी नाव वापरावे असे वाचले.

मास्तरांची शंका मी प्रबंधाच्या मर्यादांमध्ये घालणार आहे. 'नाही' म्हणणाऱ्या स्त्रीचे 'नाही' मी बदलणार नाही. ज्या बोलतील त्यांच्याविषयीच लिहीन.

एक अडचण उरली आहे. मुलाखतीला बसायचे कोठे? घरात सासू असते, देवळाच्या मंडपात सारे गाव असते, अंगणवाडीत मुले असतात. आणि मुलाखत चालू असताना कोणी आले तर काय करायचे?

परिचारिका, ग्रामीण आरोग्य केंद्र

लसीकरणाचा दिवस टाळा, त्या दिवशी सुनेबरोबर सासू येते. रक्तदाब आणि साखर तपासण्याच्या दिवशी बायका एकट्या येतात, त्यांना थांबावेही लागते, आणि थांबल्याचा कोणाला संशय येत नाही. तुम्हीही पांढरा कोट घालू नका आणि हातात फाइल धरू नका.

कोणी आत आले तर बदलून विचारण्यासाठी दुसरे प्रश्न आधीच तयार ठेवा: नळाला पाणी किती वेळ येते, मुलाच्या शाळेची बस कधी येते, कंबर कधीपासून दुखते. हे त्या बाईलाही सुरुवातीलाच सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही मध्येच नळाचे विचारू लागलात तर ती गोंधळणार नाही. मी स्वतः हे वापरते. एकदा एकीचा नवरा दारात येऊन उभा राहिला तेव्हा आम्ही दोघी पंधरा मिनिटे काजूच्या भावाविषयी बोललो. शेवटी कंटाळून तोच बाहेर गेला.

शेवटी नंबर देताना महिला हेल्पलाइनचा १८१ वेगळ्या कागदावर देऊ नका. रुग्णवाहिकेचा १०८, वीज खात्याचा, गॅसवाल्याचा आणि आमच्या केंद्राचा अशी एकच चिठ्ठी करा आणि तिच्यात मध्येच १८१ लिहा. आमच्या केंद्रात ओपीडीच्या मागची खोली दुपारी दोननंतर रिकामी असते, तशी तुमच्याकडेही असेल. पण ती वापरण्यापूर्वी वैद्यकीय अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या आणि अर्जाला तुमच्या महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीचे पत्र जोडा. परवानगीच्या अर्जातही विषय 'स्त्रियांचे आरोग्य' एवढाच लिहा, कारण तो अर्ज टेबलावर उघडाच पडून असतो.